एक थर की दोन

१८ सप्टेंबर २००६, सोमवार

वही प्रफुल्लच्या कंपनीची आहे. कव्हरवर कंपनीचं नाव आणि पहिल्या तीन पानांवर त्याच्या मीटिंगमधले बाण नि चौकोन. ती पानं फाडून टाकली. आता वही माझी.

दोन वर्षं झाली, सांता क्लाराच्या या अपार्टमेंटमध्ये मी एच-फोरवर आहे. एच-फोर म्हणजे इंजिनिअरची बायको. अमेरिकेत राहायचं, नोकरी करायची नाही, पगाराचं तर नावही काढायचं नाही. नागपूरची एम.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, कपाटातल्या फाइलमध्ये पडून आहे. ऑगस्टमध्ये जिवाला कंटाळून चौदा प्रोफेसरांना ईमेल पाठवल्या, की मी फुकट काम करेन, फक्त लॅबमध्ये येऊ द्या. तेरा जणांनी उत्तर दिलं नाही. चौदाव्याने दिलं.

त्यांचं नाव हॅल्वर्सन. साठीचे, उंच, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघतात. पहिला प्रश्न विचारला, तुला एका जागी किती वेळ बसता येतं? मी म्हटलं, दोन वर्षं. ते हसले नाहीत. पण उद्यापासून ये म्हणाले.

प्रफुल्लला सांगितलं तर तो म्हणाला, "गुड, टाइमपास होईल तुझा." त्या रात्री मी पोळ्या जाड केल्या.

२१ सप्टेंबर, गुरुवार

काम काय आहे ते आज शंतनूने समजावलं. शंतनू तिथला पीएचडीचा विद्यार्थी, पुण्याचा, चौथं वर्ष. तळघरातल्या त्या खोलीत मराठी ऐकून मला इतकं बरं वाटलं, की तो काय सांगतोय याकडे पाच मिनिटं लक्षच नव्हतं.

"ताई, एकदम सोपं आहे यार. पेन्सिलीत असतं तसलं ग्रॅफाइट घ्यायचं. ते साध्या चिकटपट्टीवर ठेवायचं, पट्टी दुमडायची, उघडायची. परत दुमडायची, परत उघडायची. थर सुटत जातात. मग पट्टी सिलिकॉनच्या चिपवर दाबून काढून टाकायची. चिपवर हजार तुकडे राहतात. त्यातला एखादा एकथरी असतो, एकच अ‍ॅटम जाड. तो शोधायचा."

"आणि नाही सापडला तर?"

"परत दुमडायची."

जगातलं सगळ्यात पातळ काहीतरी, आणि ते चिकटपट्टीने काढतात. मला वाटलं नवी बाई म्हणून माझी फिरकी घेतोय. पण खरंच कोपऱ्यात पट्ट्यांचं खोकं होतं, दुकानात मिळतात त्याच.

एकथरी तुकड्यात इलेक्ट्रॉन वजन नसल्यासारखे पळतात म्हणे. दुसरा थर आला की वागणंच बदलतं. का, ते त्याने बोर्डभर लिहून दाखवलं. मी मान डोलावली. कळलं काहीच नाही. मी एम.एस्सी. केली तेव्हा हे कुणाच्या हाती लागलंच नव्हतं, अशी स्वतःची समजूत काढली.

२ ऑक्टोबर, सोमवार

बाबांचा फोन, थेट दीक्षाभूमीवरून. धम्मदीक्षेला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून गर्दी तुफान. त्यांना माझं ऐकू येईना, मला त्यांचं.

"काय करून राहिली तिथं?" बाबा ओरडून विचारत होते.

"मायक्रोस्कोपवर बसते."

हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं. बाबा एकतीस वर्षं सायन्स कॉलेजात लॅब अटेंडंट होते. मुलांनी बोटं लावलेल्या लेन्स पुसण्यात त्यांचा जन्म गेला. "लेन्सले बोट लावू नको," म्हणाले, आणि फोन कटला.

दोन आठवडे झाले. एकही एकथरी तुकडा सापडलेला नाही. चिप जांभळी दिसते. जाड तुकडे पिवळे, पांढरे, निळे, छान झगमगतात, आणि ते कुणालाच नको असतात. पातळ तुकडा म्हणजे जांभळ्यावर किंचित जास्त जांभळं. दोन थर म्हणजे किंचितहून किंचित जास्त. संध्याकाळी घरी आले की भातसुद्धा जांभळा दिसतो.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला. एक नाही, दोन. पहिल्यावर पाच मिनिटं गेली, विश्वासच बसेना. दुसऱ्यावर बसला. शंतनूने दुसऱ्या यंत्रावर तपासलं, दोन्ही एकथरी.

"तुम्हाला दिसतं कसं?" त्याने विचारलं. मला सांगता येईना. तांदूळ निवडताना खडा कसा दिसतो? बघत राहिलं की दिसतो.

आता नकाशा काढणंही माझ्याकडे आलं. चिपवर तुकडा कुठे आहे ते कागदावर काढून शंतनूला द्यायचं, म्हणजे तो त्या तुकड्यावर सोन्याच्या तारा बसवतो. आमचा मायक्रोस्कोप जुना आहे. डोळा लावला की सगळं उलटं दिसतं, वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. मी दिसतं तसंच काढते. कॉलेजच्या जर्नलमध्ये तेच घोकून घेतलं होतं, दिसेल तसं काढा, मनाने सुधारू नका. मनाने सुधारलं की मॅडम लाल रेघ मारायच्या. शंतनूला तोंडी सांगून ठेवलं. तो म्हणाला, नो प्रॉब्लेम, मी कागद फिरवून वाचतो. आणि खरंच दर वेळी फिरवतो.

घरी प्रफुल्लने कढी केली होती, का कुणास ठाऊक. फुटलेली, वर पातेलं करपलेलं. म्हटलं, तुला भूक लागली होती तर फोन करायचा. म्हणाला, "असंच, ट्राय केलं." मी पातेलं घासत बसले.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

चिप नंबर दोनशेबारा. दोन दिवस तिच्यावर बसले होते. एका कोपऱ्यात एकथरी तुकडा, आणि एवढा मोठा की मी दोनदा मोजून पाहिला. आतापर्यंतच्या सगळ्यांच्या चौपट. त्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात आणखी एक, जरा लहान, तो दोनथरी. दोन्ही नकाशात काढले. एकाला 'क' म्हटलं, दुसऱ्याला 'ख'. 'क' म्हणजे आपला.

हॅल्वर्सन स्वतः खाली आले. आयपीसला डोळा लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, हा खरंच एक थर असेल तर उन्हाळ्यातला पेपर याच्यावर उभा राहील. मी धीर करून बोलले. पीएचडीला अर्ज करायचाय, सहा वर्षं शिक्षणात खंड आहे, इथल्या कुणाचं शिफारसपत्र नसेल तर माझा अर्ज कुणी उघडणारही नाही. त्यांनी खांद्याकडे बघत विचार केला. म्हणाले, "नुसत्या डोळ्याने थर मोजता येणारी माणसं फार थोडी आहेत. मोजमापात हा तुकडा एकथरी निघाला, तर मी तसं लिहीन. तेवढं पत्र तुला पुरेल." पत्र पोचायची शेवटची तारीख पाच जानेवारी.

तपासायचं कसं तेही विचारून घेतलं. तुकडा खूप थंड करायचा, जोरदार चुंबकात ठेवायचा, आणि विजेचा आलेख काढायचा. आलेखाला पायऱ्या पडतात. एकथरी असेल तर दोन, सहा, दहा. दोनथरी असेल तर चार, आठ, बारा. असं का, हे मी विचारलं नाही. पहिली पायरी दोन आली की मी विद्यार्थिनी, चार आली की प्रफुल्लची बायको. एवढं पुरेसं आहे.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. लॅब बंद, पण शंतनू एकटाच गेलाय. पुढच्या महिन्यात त्याची मोठी तोंडी परीक्षा, तिच्यात पास झाला तरच पीएचडी पुढे चालू. मधे त्याच्या हातून चुंबकाच्या आतला एक महागडा भाग जळला, तेव्हापासून हॅल्वर्सन त्याच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत. दोनशेबारावर तारा बसवून सरांना खूश करायचं, असं त्याच्या मनात आहे.

दुपारी फोन केला. "नकाशा मिळाला का रे? टेबलावर ठेवलाय."

"मिळाला मिळाला. तुम्ही टर्की खा, ताई."

"आम्ही पिठलं खातोय."

"मग माझ्यासाठी ठेवा," म्हणाला. आवाज दमलेला वाटला. दोन रात्री झोपला नसावा. मी म्हटलं, मी येऊ का? प्रफुल्ल सोडेल. तर नको म्हणाला, अर्धं काम झालंय. पोरगा कष्टाळू आहे.

५ डिसेंबर, मंगळवार

चार. आठ. बारा.

७ डिसेंबर, गुरुवार

परवा लिहिता आलं नाही.

आलेख सरकत होता आणि मी, शंतनू, सर, तिघं पडद्यासमोर उभे होतो. पहिली पायरी चारावर आली तेव्हा मला वाटलं मशीन चुकतंय. मग आठ. बारापर्यंत मी थांबले नाही, बाथरूममध्ये गेले.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "इतके तास बघितल्यावर डोळे दमतात. मलाही तो एकच वाटला होता." मी पत्राचं विचारलं. म्हणाले, पत्र देईन, पण मी जे पाहिलंय तेवढंच लिहू शकतो. मेहनती आहे, वेळेवर येते, असं लिहीन. कामवाल्या बाईला देतात ते सर्टिफिकेट. तोंडात मारल्यासारखं झालं.

मी मोजलेला तुकडा एकथरी होता. याच डोळ्यांनी बघितला होता. आता याच डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही तेच कळत नाही. आधीचे सगळे बरोबर निघाले ते काय नशिबाने? आज चार चिपा बघितल्या. सगळ्यांवर लिहिलं, 'एक किंवा दोन'.

१३ डिसेंबर, बुधवार

शंतनू अलीकडे फार चांगला वागतोय. रोज संध्याकाळी बसने जाऊ नका म्हणतो, घरापर्यंत गाडीने सोडतो. काल त्याच्या आईने पाठवलेले बेसनाचे लाडू आणून दिले, अख्खा डबा. मी म्हटलं, अरे तुला ठेव. तर म्हणाला, "नाही ताई, तुम्हीच खा," आणि खिडकीबाहेर बघायला लागला. परक्या देशात आपलं माणूस कसं असावं तर असं.

दोनशेबारा परत एकदा बघायची होती, चूक कुठे झाली ते तरी कळेल. त्याला म्हटलं, चिप दे जरा. म्हणाला, "ती गेली. काढताना स्टॅटिकने उडाली. फेकून दिली." स्टॅटिक म्हणजे हिवाळ्यात दाराची मूठ धरली की झटका बसतो तेच. एवढ्या झटक्यात आमचे तुकडे जळून जातात. होतं असं. मला उलट त्याचंच वाईट वाटलं, त्याचेही तीन आठवडे वाया गेले.

तोंडी परीक्षा जानेवारीच्या बारा तारखेवर ढकलली गेली आहे. चेहरा पार उतरलाय त्याचा. म्हटलं, होशील रे पास. तर म्हणाला, "तुम्ही इतक्या चांगल्या वागू नका ना." म्हणजे काय? ही पुण्याची माणसं सरळ बोलत का नाहीत?

२२ डिसेंबर, शुक्रवार

अर्ज भरून टाकला. भरायचा नाही असं ठरवलं होतं, पण प्रफुल्लने ऑफिसात सगळे फॉर्म प्रिंट करून आणले, पेन्सिलीने खुणासुद्धा करून. म्हणाला, आणलेत तर भर. कागद वाया नको जायला.

आज त्याने भरली वांगी केली. भरली कसली, उकडलेली. गेले दोन महिने हे काय चाललंय त्याचं, मला कळेनासं झालंय. मी घरात असताना स्वयंपाकघरात येतो, मी मीठ किती टाकते ते वाकून बघतो, आणि मग एखाद्या कागदावर लिहून ठेवतो. म्हटलं, माझ्या हातचं आवडत नाही का आता? तर म्हणाला, "तसं नाही गं." मग कसं? नाही सांगितलं.

लॅबमध्ये सुट्टीआधी शेवटचा दिवस. जानेवारीत दोन दिवस जाऊन माझ्या खणातल्या वस्तू आवरायच्या, मग बंद. 'एक किंवा दोन' सांगायला माणूस कशाला हवा?

३ जानेवारी २००७, बुधवार

आज अक्षर वाईट येणार.

जुन्या चिपांचे डबे आवरत होते. शंतनूच्या कपाटातला एक डबा, वर लिहिलेलं 'टेस्ट, बेकार'. त्यात दोनशेबारा. अख्खी. मागे नंबर माझ्याच अक्षरात. फेकून दिली म्हणाला होता. विसरला असेल, असंच मला पहिल्यांदा वाटलं, खरंच.

मायक्रोस्कोपखाली धरली. तारा दिसल्या, सोन्याच्या, सुरेख बसवलेल्या. तारांच्या मधे तुकडा होता, लहानसा. माझा तुकडा एवढा लहान नव्हता. मी चिप सरकवत समोरच्या कोपऱ्यात गेले. तिथे माझा तुकडा होता. मोठा, कोरा, एक थर. त्याला कुणी हातही लावलेला नव्हता.

म्हणजे तारा बसवल्या 'ख'वर. त्या दिवशी त्याने कागद फिरवला नाही. दोन्ही पातळ, दोन्ही समोरासमोर. कागद सरळ धरला तर 'क'च्या जागी नेमका 'ख' येतो. त्याला फरक दिसला नसेल. मलाच दिसतो तो फरक.

हे कळल्यावर मी मोठ्याने हसले. तळघरात एकटी. मग रडले.

शंतनू दुपारी आला. मी खुर्चीवरून उठले. त्याने आयपीसला डोळा लावला, लगेच काढला. मला वाटलं विचारेल, हे काय आहे? त्याने विचारलं, "कधी बघितलीत?"

मला समजायला मिनिटभर लागलं. मग म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"मोजमाप झालं त्याच रात्री." खाली बघत बोलत होता. "ताई, सरांनी मला आधीच सांगितलंय, आणखी एक चूक झाली तर परीक्षेला बसवणार नाही. बारा तारीख होऊ द्या. तेरा तारखेला मी स्वतः सांगतो. आईशप्पथ."

"पत्राची तारीख पाच आहे. परवा."

"पुढच्या वर्षी अर्ज करा ना. पेपरवर तुमचं नाव टाकायला सांगेन मी. एच-फोर आहे तुमचा, घर आहे, तुम्हाला घाई काय आहे? मला तर इथून परत पाठवतील."

त्याने रोज मला घरी सोडलं, लाडू दिले. मी आईला फोनवर त्याचं कौतुक केलं होतं. आणि तो बोलत होता तेव्हा मला त्याची दयासुद्धा आली. हेच मला समजत नाही. राग यायला हवा होता, तोही येत होता, आणि दोन्ही एकदम.

मी 'बघते' म्हणाले आणि बसने घरी आले.

प्रफुल्लला सगळं सांगितलं. म्हटलं, काय करू? तो भांडी पुसत होता. म्हणाला, "पोराचं करिअर आहे, खरंय. पण मी सांगणार नाही तुला काय करायचं. तू नंतर मला बोलशील." मग थोड्या वेळाने, "उद्या सकाळी मी हाफ डे घेतलाय. कुठे जायचं असेल तर सोडतो." मी विचारलं, हाफ डे कधी घेतलास? म्हणाला, आत्ता, तू बोलत असताना.

४ जानेवारी, गुरुवार

नऊ वाजता सरांच्या दारात होते. पायऱ्यांवर शंतनू उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तो शर्ट मी त्याच्या अंगावर कधी पाहिलेला नाही. मला अडवायला आला असणार. मी त्याच्याकडे न बघता आत गेले.

सरांपुढे चिप ठेवली आणि सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की नकाशा उलटा आहे हे मी कागदावर लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, तोंडी सांगितलं. ती माझी चूक. 'फेकून दिली' हे सांगायची वेळ आली तेव्हा मी अडखळले. मग म्हटलं, चिप डब्यात सापडली. एवढंच.

ते खाली आले, बघितलं, परत वर आले. म्हणाले, चुंबक मंगळवारपर्यंत रिकामा नाही, थंड करायला हेलियमही नाही. उद्यापर्यंत मोजमाप होणं शक्य नाही. मी उठायला लागले. ते म्हणाले, "बस."

कपाटातून एक डबा काढला. आठ चिपा, दुसऱ्या एका लॅबमध्ये मोजून आलेल्या, उत्तरं डब्याच्या झाकणात आतून लिहिलेली. झाकण त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं. मला परत तळघरात नेलं आणि म्हणाले, "मोज."

पहिल्या चिपवर मी 'एक किंवा दोन' म्हणाले. ते म्हणाले, असं उत्तर नाही. मी डोळे मिटले, उघडले, आणि जसं बघायचे तसं बघत राहिले, घाई न करता.

"दोन."

पुढची. "एक." पुढची. "एक." "तीन, पण कडेला एक." पाचवीवर मी फार वेळ लावला. फिकट, सुंदर, अगदी एका थराएवढा. सर घड्याळ बघत होते. पण त्याची कड मऊ होती, आपल्या तुकड्यांची तशी नसते. मी म्हटलं, "हे ग्रॅफाइट नाहीच. हा पट्टीचा गोंद आहे."

सहा, सात, आठ. मग ते खिशातून झाकण काढून बघत बसले. मला दाखवलं नाही. वर जाऊन कॉम्प्युटर उघडला आणि टाइप करायला लागले. पडदा त्यांच्याकडे होता. पत्र मला वाचता येणार नाही, अर्जात तशी सही केली आहे. मी फक्त बोटं बघत होते. खूप वेळ टाइप करत होते. वेळेवर येते, मेहनती आहे, एवढ्याला इतका वेळ लागत नाही, असं आपलं मी मनाला सांगितलं.

बाहेर आले तर शंतनू तिथेच. "सांगितलंत?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने मान हलवली, शर्ट नीट केला आणि आत गेला. मला अडवायलाच आला होता तर मी सांगून झाल्यावर आत कशाला गेला? तास झाला तरी दार उघडलं नाही. प्रफुल्ल खाली गाडीत डबा घेऊन बसला होता. त्याने केलेला उपमा. बरा होता, खरं तर चांगला होता.

१० जानेवारी, बुधवार

काल दोनशेबारा परत चुंबकात गेली. 'क'वर तारा शंतनूनेच बसवल्या. सरांनी त्यालाच सांगितलं, आणि मला त्याच्या शेजारी बसवलं. चार तासांत आम्ही कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. तारा मात्र नेहमीपेक्षा देखण्या बसवल्या त्याने. परीक्षा बारालाच आहे. सर त्याला काय म्हणाले, विचारायचं धाडस झालं नाही.

पहिली पायरी दोन. मग सहा. दहा येईपर्यंत मी उभी राहिले. शंतनू हळूच म्हणाला, "सॉरी, ताई." मी आलेखाकडेच बघत राहिले. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण काय द्यावं ते ठरेना. आजही ठरलेलं नाही.

रात्री बाबांना फोन लावला. नागपूरला सकाळ होती. म्हटलं, "बाबा, तो तुकडा एकथरीच निघाला. माझं बरोबर होतं."

त्यांचा आनंद फोनमध्ये मावेना. आईला हाक मारून सांगितलं, शेजारच्या मनोहरकाकांनाही सांगितलं. मग त्यांच्यातला लॅबवाला जागा झाला. "मंग आधी दोन कसे काय आले? चूक कोणाची होती?"

मी म्हटलं, "नकाशाची. उलटा धरला गेला. थोडी माझी, थोडी दुसऱ्या मुलाची."

"पोरगं चांगलं आहे का?"

"हो," मी म्हणाले. "चांगलं आहे."

महिनाभर त्याला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला, हे मी बाबांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते फोन ठेवल्यापासून स्वतःला विचारतेय.